जगाभोवती साप आणि एक होडी

नमस्कार मंडळी, येतोय ना आवाज मागच्या बाकापर्यंत? माफ करा हं, बत्तीस वर्षं वर्गात उभं राहून ही सवय लागलीये, रेडिओला मागचा बाक नसतो हे लक्षातच राहत नाही. तर मी ड्रॉइंगचा मास्तर, आता रिटायर, आणि आज बोलायचंय ड्रॉइंग शिकवणाऱ्यांना मिळणाऱ्या अवॉर्डबद्दल. हे ऐकून माझा पुतण्या हसलाच. म्हणे काका, अवॉर्ड चित्रकाराला असतं, नाहीतर ज्या पोराने चित्र काढलं त्याला असतं, मास्तरला कशाला? त्याचंही खोटं नाही म्हणा. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर पिल्लईंनी १९४९ला सुरू केलेली मुलांची चित्रस्पर्धा असो, नाहीतर आपल्या गल्लीतली गणपतीतली असो, बक्षीस पोराला मिळतं आणि सर फोटोत कडेला अर्धे येतात.

पण असतं हो अवॉर्ड. इंटरनॅशनल सोसायटी फॉर एज्युकेशन थ्रू आर्ट म्हणून कलाशिक्षकांची एक जागतिक संस्था आहे, ती अवॉर्डं देते तीन माणसांच्या नावाने. सर हर्बर्ट रीड, एडविन झिग्फेल्ड आणि महमूद अल बसिऊनी. एक इंग्लंडचे, एक अमेरिकेचे, एक इजिप्तचे. रीडच्या नावाचं आयुष्यभराच्या कामासाठी असतं. अवॉर्ड कुणाला मिळालं ते पेपरात येतं (म्हणजे ड्रॉइंगवाल्यांचं तेही येत नाही), पण मला विचाराल तर ते कुणाच्या नावाने देतात ते आधी बघावं, देणाऱ्यांना काय मोलाचं वाटतं ते तिथेच कळतं.

रीडसाहेबांचंच बघा. १८९३चा जन्म, यॉर्कशायरमधल्या शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणीच वडील गेले, शेत सुटलं, अनाथ मुलांच्या शाळेत रवानगी. मग बँकेत कारकुनी, मग पहिल्या महायुद्धात लढाई आणि शौर्याची पदकं, आणि एवढं सगळं करून माणूस झाला काय तर कवी, कलासमीक्षक आणि अराजकवादी, म्हणजे सरकार नावाची गोष्टच नको म्हणणारा. आणि १९५३ला त्याच सरकारकडून सर ही पदवी घेतली! अराजकवादी मित्र भयंकर चिडले, साहजिकच आहे. मला मात्र मजा याची वाटते की अवॉर्डच्या नावात तो सर अजून चिकटून आहे. बक्षिसांचं असंच असतं, आपण कितीही नाही म्हटलं तरी आतून थोडं हवं असतं. मी स्वतः तालुक्याचं एक सर्टिफिकेट फ्रेम करून ठेवलंय, कुणाला सांगू नका.

तर दुसरं महायुद्ध चालू होतं आणि ब्रिटिश कौन्सिलला परदेशात चित्रप्रदर्शन पाठवायचं होतं. आता मोठमोठ्या चित्रकारांची मौल्यवान चित्रं बोटीत घालायची आणि ती बोट बुडाली तर? मग ठरलं की लहान मुलांची चित्रं पाठवू. बघा हं, म्हणजे सुरुवात कशी झाली, तर गेली तर गेली अशा हिशोबाने! ती निवडायचं काम रीडकडे आलं, ढिगाऱ्यातून एकेक कागद बघत असताना एका पाच वर्षांच्या मुलीचं चित्र समोर आलं, तिने त्याला नाव दिलं होतं, साप जगाभोवती गेलाय आणि एक होडी. एक गोल, त्याचे भाग पाडलेले, आणि होडी. आणि हा युद्ध बघून आलेला माणूस त्या कागदापाशी थांबला, आतून हलला. त्याला त्यात मंडल दिसलं, म्हणजे भाग पाडलेलं वर्तुळ, जगातल्या अगदी जुन्या खुणांपैकी एक, ज्याबद्दल मानसशास्त्रज्ञ युंग लिहीत होता. त्या पोरीने ना युंग वाचलेला ना मंडल ऐकलेलं, पाच वर्षांची ती. त्यातूनच रीडला वाटायला लागलं की चित्र ही शिक्षणाच्या शेवटी लावायची झालर नाहीये, सगळं शिक्षणच इथून सुरू व्हायला हवं, आणि १९४३ला, युद्ध चालू असतानाच, त्यांचं एज्युकेशन थ्रू आर्ट हे पुस्तक आलं. संस्थेच्या नावातला थ्रू आहे ना, तो हाच. चित्र शिकवायचं असं नाही, चित्रातून शिकवायचं.

युद्धानंतर युनेस्कोला वाटलं की पोरांना पुन्हा एकमेकांचे गळे धरायला लावायचं नसेल तर काहीतरी वेगळं शिकवावं लागेल, आणि १९५१ला इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला कलाशिक्षकांची एक बैठक झाली. तिथे संस्थेचं ठरलं, १९५४ला पॅरिसमध्ये पहिली सर्वसाधारण सभा. पहिले अध्यक्ष हे आपले दुसऱ्या अवॉर्डवाले झिग्फेल्ड.

झिग्फेल्डसाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या टीचर्स कॉलेजात प्रोफेसर म्हणून प्रसिद्ध, पण मला ते आवडतात ते त्याआधीच्या कामासाठी. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात ओवाटोना नावाचं एक गाव आहे, शेतीवाल्यांचं, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावासारखं. १९३३ ते १९३८, म्हणजे मंदीची वर्षं, लोकांच्या खिशात दमडी नाही, आणि अशा गावात कार्नेगी कॉर्पोरेशन या दानसंस्थेच्या पैशातून मिनेसोटा युनिव्हर्सिटीने कलेचा प्रोजेक्ट चालवला. झिग्फेल्ड तिथे राहून काम बघत होते. त्यांनी गावात गॅलरी उघडून लोकांना शहाणं करायला घेतलं नाही. ते घराघरात गेले, पडदे कसे लावलेत, भिंतीला रंग कोणता, दुकानाची काच कशी मांडलीये, अंगणात फुलझाडं कुठे, हे बघत सुटले, आणि जे लोक रोज करतच होते त्यातून शाळेचा अभ्यासक्रम उभा केला. वाण्याने डबे कसे रचलेत यात पण निवड असते की नाही? आपल्याकडे दारातली रांगोळी बघून असा सिलॅबस कुणी केला असता तर, असं मला नेहमी वाटतं. जाऊ दे.

आता अवॉर्ड मिळालेल्यांपैकी एकच नाव घेतो, माझं लाडकं. ब्राझीलच्या आना माए बार्बोझा बाई. यांना शिक्षिका व्हायचंच नव्हतं, कायदा शिकत होत्या रेसिफे शहरात, पण पैसे हवे म्हणून शिक्षकभरतीच्या परीक्षेच्या क्लासला गेल्या, आणि क्लास घेत होते पाउलो फ्रेइरे, पुढे जगभर गाजलेले शिक्षणतज्ज्ञ! पहिल्याच दिवशी निबंध, तुम्हाला शिक्षक का व्हायचंय, आणि बाईंनी सरळ लिहिलं की मला अजिबात व्हायचं नाहीये. दुसरा एखादा मास्तर असता तर, म्हणजे मी असतो तर, बाहेर उभं केलं असतं. फ्रेइरे त्यांच्याशी बोलत बसले. झालं, बाई शिक्षणात आल्या त्या कायमच्या. पुढे त्या साओ पाउलोच्या युनिव्हर्सिटीच्या म्युझियमच्या डायरेक्टर झाल्या आणि एक पद्धत मांडली तिला त्रिकोणी पद्धत म्हणतात. पोरांनी चित्र काढायचं, दुसऱ्याचं चित्र वाचायचं, आणि ते कुठल्या काळातलं, कुणी, कशासाठी केलं तेही समजून घ्यायचं. ऐकायला सोपं आहे पण विचार करा, आपण शाळेत दहा वर्षं चित्रं काढली, दोन डोंगर, मधे सूर्य, नदी, झोपडी, पण कुणी आपल्याला एखादं चित्र समोर धरून, हे नीट बघ आणि काय दिसतं सांग, असं म्हटलंय का कधी? बार्बोझा बाईंना रीडच्या नावाचं अवॉर्ड मिळालंय, झिग्फेल्डच्या नावाचंही मिळालंय, आणि संस्थेच्या अध्यक्षही झाल्या त्या.

तिसरं नाव अल बसिऊनींचं, इजिप्तचे, तर तिथलीच एक गोष्ट. गिझाच्या पिरॅमिडजवळ हर्रानिया नावाचं खेडं आहे, तिथे १९५०च्या सुमाराला रामसेस विसा वासेफ या आर्किटेक्टने खेड्यातल्या पोरांना माग दिले. त्यांचे सासरे हबीब गोर्गी, ते कलाशिक्षक, त्यांच्या प्रयोगातून ही कल्पना आली. नियम मोजून तीन. आधी कागदावर नक्षी काढायची नाही, थेट विणायचं. बाहेरच्या कलेची नक्कल नाही. आणि मोठ्यांनी टीका करायची नाही. त्या पोरांनी विणलेले गालिचे, खजुराची झाडं, पक्षी, बाजार, पुढे परदेशातल्या म्युझियममध्ये गेले. या केंद्राला १९८३ला आगा खान अवॉर्ड मिळालं, ते पण कशाचं, तर आर्किटेक्चरचं. मातीच्या विटांच्या त्या इमारती सुंदर आहेतच, वाद नाही, पण आत बसून मोठ्यांनी तोंड बंद ठेवलं त्याचं बक्षीस कोणत्या खात्यात टाकायचं?

तो तिसरा नियम वाचला ना, तेव्हा मला एक मुलगा आठवला. नाव सांगत नाही. एलिमेंटरीची तयारी चालली होती, स्मरणचित्र, विषय आठवडे बाजार. ज्यांनी ग्रेड परीक्षा दिल्यात त्यांना माहितीये, पुढे मोठी माणसं, मागे छोटी माणसं, टोपली, तागडी, एक झाड, झाला बाजार. याने कागदभर नुसते पाय काढलेले. चपला, अनवाणी टाचा, लुगड्याचे काठ, सायकलचं चाक, एक कुत्रं. मी म्हटलं, अरे माणसं पूर्ण काढ, डोकी कुठायत, ग्रेड जाईल. त्याने मुकाट खोडलं आणि काढली डोकी. बी ग्रेड मिळाली. नंतर कधीतरी मंगळवारी बाजारात गेलो तर हा आईच्या भाजीच्या पोत्याशेजारी जमिनीवर बसलेला, आणि त्याच्या डोळ्यासमोर बरोब्बर तेच, पाय. मी कोथिंबीर घेतली आणि काही न बोलता घरी आलो.

एलिऑट आयझनर म्हणून अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ होते, सुरुवातीला शिकागोत शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, तेही या संस्थेचे अध्यक्ष होते, २००५ला त्यांना शिक्षणातलं ग्रॉमायर अवॉर्ड मिळालं. ते म्हणायचे की शाळा जे शिकवत नाही तो पण एक अभ्यासक्रमच असतो, त्याचाही पोरांवर परिणाम होतो. मार्चमध्ये गणिताचे सर दारात येऊन म्हणायचे, तुमचा तास द्या हो, पोर्शन राहिलाय, आणि आम्ही द्यायचो. आम्हीच द्यायचो, कुणी हिसकावून घेतला नाही.

आणि हे सगळं परदेशातलंच असं समजू नका. आपल्या वर्ध्याला सेवाग्राममध्ये गांधीजींच्या नयी तालीमच्या शाळेत देवीप्रसाद नावाचे शिक्षक होते, शांतिनिकेतनला शिकलेले, १९४४पासून तिथे. खेड्यातल्या पोरांना ते चित्रं काढू द्यायचे, मातीची भांडी करायला शिकवायचे. त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावाचा अर्थच मुळी कला हा शिक्षणाचा पाया असा आहे. रीड इंग्लंडमध्ये जे लिहीत होते तेच इकडे विदर्भाच्या उन्हात एक माणूस रोज करत होता. वर्ध्याचे कुणी ऐकत असाल तर सेवाग्रामला गेल्यावर बापूकुटी बघताच तुम्ही, या माणसाबद्दलही चौकशी करा.

वेळ संपत आली, काचेपलीकडून खूण होतेय. एकच गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. रीडच्या नावाने अवॉर्ड आहे, पण साप काढणाऱ्या त्या पोरीचं नाव मला कुठेच सापडलं नाही. असली तर आता नव्वदीच्या आसपास असेल, बार्बोझा बाईंच्याच वयाची. तिचा कागद बघून एका माणसाने केवढं काय सुरू केलं, हे तिला कुणी सांगितलं असेल का हो?