तटावर उभा असलेला माणूस

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'तटस्थ राष्ट्र दूरच्या युद्धात कसं ओढलं जातं'. वेळ पाऊण तास. त्यातली बारा मिनिटं सत्कारात गेली. नारळ वजनदार आहे, त्यामुळं तक्रार नाही. (हशा)

आधी शब्दाकडं बघू. तटस्थ म्हणजे तटावर, काठावर उभा राहिलेला. हा शब्द कोल्हापूरकरांना समजावून सांगायला नको. काठावरचा माणूस जागेवरून हललेला नसतो, तरी गुडघ्यापर्यंत पाणी येतं. म्हणून पावसाळ्यात आपण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत बसतो. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. पाणी फुटाफुटानं, इंचाइंचानं चढतं. युद्धसुद्धा तटस्थाच्या दारात असंच चढतं, आणि ते मोजायचे फूट आहेत माल, पैसा, जहाज आणि तार. मला एवढंच सांगायचंय. बाकी सगळा पसारा.

आता तक्रार. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये एक वाक्य ठरलेलं असतं: 'लुसिटानिया जहाज बुडाल्यामुळे अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली.' एका गुणाचं उत्तर. लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीनं बुडवलं ७ मे १९१५ ला. ११९८ माणसं गेली, त्यांत १२८ अमेरिकन. अमेरिकेनं युद्ध पुकारलं ६ एप्रिल १९१७ ला. मध्ये तेवीस महिने! एवढा राग पोटात धरून कोल्हापुरात कुणी तेवीस महिने गप्प बसल्याचं ऐकलंय का? (हशा) उलट नोव्हेंबर १९१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन पुन्हा निवडणूक जिंकले, आणि प्रचाराची घोषणा होती, 'यांनी आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं.' म्हणजे लुसिटानिया बुडून दीड वर्ष झाल्यावरही 'बाहेर' याच शब्दाला मतं पडत होती. मग पाच महिन्यांत काय बदललं?

तारेपासून सुरुवात करतो. ही गोष्ट लांबणार आहे, आधीच माफी मागतो.

५ ऑगस्ट १९१४ ची पहाट. ब्रिटननं युद्ध पुकारून काही तास झालेत. 'अलर्ट' नावाचं केबलचं जहाज इंग्लिश खाडीत जातं, तळावर लोखंडी आकडा ओढत नेतं, जर्मनीच्या तारा एकेक करून वर काढतं आणि तोडतं. पाच तारा. पहिल्याच दिवशी जर्मनीचं बाहेरच्या जगाशी बोलणं तुटलं. उरलं काय? बिनतारी संदेश, जो कुणालाही ऐकू येतो, आणि दुसऱ्याच्या तारा.

आता बघा तटस्थ कसा सापडतो. विल्सन यांना तह घडवून आणायचा होता. तहाची बोलणी चालायची तर बर्लिनला वॉशिंग्टनमधल्या आपल्या राजदूताशी बोलता आलं पाहिजे. म्हणून अमेरिकेनं आपल्या वकिलातीची तार जर्मनीला वापरू दिली, तीही सांकेतिक मजकुरासकट. शेजारधर्म म्हणा. १६ जानेवारी १९१७ ला जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांनी त्याच वाटेनं एक तार सोडली. बर्लिनमधली अमेरिकन वकिलात, तिथून कोपनहेगन, तिथून लंडन, मग वॉशिंग्टन. लंडन! शत्रूच्या अंगणातून. ब्रिटिश नौदलाचे सांकेतिक लिपी फोडणारे लोक ज्या खोलीत बसत, तिचं नावच 'खोली क्रमांक ४०'. ते ही तार चोरून वाचत होते.

मजकूर असा: १ फेब्रुवारीपासून पाणबुड्या बेबंद हल्ले सुरू करतील. अमेरिकेला तटस्थ ठेवायचा प्रयत्न करू. जमलं नाही तर मेक्सिकोनं आमच्याशी युती करावी, आणि टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना परत मिळवावेत. जपानलाही सोबत बोलवावं. ज्याच्या घरच्या फोनवरून बोलतोय, त्याच्याच घराच्या वाटणीचं बोलणं! (हशा)

दुसऱ्याच दिवशी खोली ४० मध्ये तारेचा काही भाग उलगडला. पण हातात आलेला बॉम्ब फोडायचा कसा? दाखवला तर जर्मनीला कळणार की आपली लिपी फुटली. आणि अमेरिकेला कळणार की ब्रिटन आपल्याही तारा वाचतो. नौदल गुप्तवार्तेचे प्रमुख हॉल यांनी वाट पाहिली आणि मग फार हुशारीनं एक धागा पकडला. वॉशिंग्टनच्या जर्मन राजदूतानं ही तार पुढं मेक्सिकोला पाठवली होती वेस्टर्न युनियन कंपनीच्या साध्या व्यापारी तारेनं, १९ जानेवारीला. मेक्सिकोतल्या जर्मन वकिलातीकडं नवं संकेतपुस्तक नव्हतं, म्हणून तिला जुन्या संकेतात उतरवावं लागलं. त्या जुन्या संकेताचा बराचसा भाग ब्रिटिशांनी आधीच फोडलेला. मेक्सिको सिटीच्या तारघरातून तिची प्रत मिळवली की काम झालं! मजकूर पूर्ण वाचता येतो, आणि 'मेक्सिकोत मिळाली' असं सांगताही येतं.

फेब्रुवारीच्या अखेरीस ती अमेरिकेच्या हाती दिली, १ मार्चला वर्तमानपत्रांत छापून आली. तरी अमेरिकेत बरेच जण म्हणत होते, बनावट आहे, ब्रिटिशांची कारागिरी. जर्मनीनं नुसतं नाकारलं असतं तरी चर्चा महिनाभर चालली असती. ३ मार्चला झिमरमान यांनी स्वतःच सांगितलं, होय, माझीच. वकील मंडळी इथं असतील, अशा अशिलाचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

'दूरचं युद्ध' म्हणतो तेव्हा जाता जाता एक. दुसऱ्या महायुद्धात, आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहायला आले. रशियानं त्यांना सैबेरियाकडं हाकललं, तिथून इराण, तिथून पंचगंगेच्या खोऱ्यात. आज कापड घ्यायला गांधीनगरला जाता, ती जागा. पोलंड कुठं, वळिवडे कुठं!

अध्यक्षांची चिठ्ठी आली, 'दहा मिनिटं'. म्हणजे कबूल केलेला विषय आता सुरू होतोय. (हशा)

पहिला फूट, माल. १९०७ च्या हेग करारांप्रमाणं तटस्थ सरकारनं लढणाऱ्यांना शस्त्रं द्यायची नाहीत, पण त्याच्या खासगी व्यापाऱ्यांनी विकली तर रोखायचं बंधन नाही. कागदावर दोन्ही बाजूंना सारखं. पण समजा शाहूपुरीतला अडत्या दोन भांडणाऱ्या भाऊबंदांना गुळाचे रवे विकायला तयार आहे, आणि गावात जायच्या एकमेव रस्त्यावर त्यातला एक भाऊ काठी घेऊन बसलाय. माल कुणाला जाणार? ब्रिटननं नोव्हेंबर १९१४ मध्ये उत्तर समुद्र युद्धक्षेत्र जाहीर केला. स्कँडिनेव्हियाकडं निघालेली जहाजं ऑर्कनी बेटांतल्या कर्कवॉलला नेऊन झडती घ्यायची. निषिद्ध मालाची यादी वाढत गेली. ऑगस्ट १९१५ मध्ये कापूससुद्धा तिच्यात आला, कारण त्यापासून स्फोटकं होतात. अमेरिकेनं निषेधाचे खलिते पाठवले, आणि माल जिकडं जाऊ शकतो तिकडं पाठवला. १९१४ मध्ये दोस्त राष्ट्रांना सुमारे ८२ कोटी डॉलरचा माल गेला होता, १९१६ मध्ये ३२० कोटींच्या घरात. जर्मनीकडं जवळजवळ शून्य. कुणी पक्ष घेतला नाही, तराजू मात्र झुकला.

दुसरा, पैसा. ऑगस्ट १९१४ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ब्रायन यांनी लढणाऱ्यांना कर्ज देऊ नये अशी भूमिका घेतली. पैसा हा सगळ्यांत वाईट निषिद्ध माल, कारण बाकी सगळा त्याच्यानं येतो, हा त्यांचा युक्तिवाद. वर्षभरात ते राजीनामा देऊन बाहेर, आणि ऑक्टोबर १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॉर्गन पेढीच्या पुढाकारानं ब्रिटन-फ्रान्सला ५० कोटी डॉलरचं कर्ज. सरळ आहे, गिऱ्हाइकाचे पैसे संपले तर कारखाना बंद. ब्रिटनची खरेदीही मॉर्गनच करत होते, दलालीवर. नोव्हेंबर १९१६ च्या अखेरीस फेडरल रिझर्व्ह बोर्डानं, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या मंडळानं, अशी कर्जं देण्याबाबत बँकांना सावध केलं, आणि ब्रिटनला डॉलर कुठून आणायचे याचा घोर लागला. मॉर्गननं युद्ध लावलं असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही, बँकेला फक्त वसुली हवी असते. पण उधारी एवढी वाढली की दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या तब्येतीची चौकशी करावी लागते, एवढं नक्की.

तिसरा, जहाज. जुना नियम असा की व्यापारी जहाज अडवा, कागद तपासा, माणसं होड्यांत उतरवा, मग बुडवा. पाणबुडीला हे जमत नाही. तिचं कवच पातळ. वर आली आणि समोरच्यानं तोफ लपवली असेल तर एका गोळ्यात ती खलास. पकडलेलं जहाज बंदरात न्यायला जास्तीची माणसंही नाहीत. म्हणून न सांगता टॉर्पेडो. डिसेंबर १९१६ मध्ये जर्मन नौदलप्रमुख होल्ट्सेनडॉर्फ यांनी गणित मांडलं: महिन्याला सहा लाख टन जहाजं बुडवा, पाच महिन्यांत ब्रिटन तहाला येईल. अमेरिका उतरेल हेही धरलं होतं, पण उशिरा पोचेल असं धरलं. गणित चुकलं कुठं? एप्रिल १९१७ मध्ये बुडवलेली जहाजं अंदाजाहून जास्तच होती. पण व्यापारी जहाजांचे ताफे करून सोबत युद्धनौका देणं सुरू झालं, आणि आकडा उतरत गेला. मार्चमध्ये लागोपाठ तीन अमेरिकन जहाजं बुडाली. माल, पैसा, जहाज आणि वरून तार. युद्धाच्या ठरावावर मतं पडली: ४ एप्रिलला सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६, ६ एप्रिलला प्रतिनिधिगृहात ३७३ विरुद्ध ५०.

पोर्तुगालचं एका वाक्यात: ब्रिटनच्या विनंतीवरून फेब्रुवारी १९१६ मध्ये आपल्या बंदरांत आसऱ्याला असलेली जर्मन जहाजं ताब्यात घेतली, आणि ९ मार्चला जर्मनीनं युद्ध पुकारलं.

मग बाहेर कोण राहिलं? हॉलंड. तिथल्या व्यापाऱ्यांनी १९१४ च्या अखेरीला एक मंडळ काढलं आणि ब्रिटनला हमी दिली की आमच्या नावे येणारा माल जर्मनीत जाणार नाही. सरकार हात झटकून मोकळं. दाणागोटा येत राहिला, सैन्य सीमेवर सज्ज राहिलं, दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. एवढं करूनही २० मार्च १९१८ ला अमेरिका आणि ब्रिटनच्या बंदरांत उभी असलेली शंभराहून अधिक डच जहाजं ताब्यात घेतली गेली. युद्धात गरज पडली तर तटस्थाचं जहाज वापरता येतं, असा एक जुना हक्क काढला. त्याला 'अँगरी' म्हणतात. भरपाईचं आश्वासन दिलं. आणि ती घेणाऱ्यांत अमेरिका होती, जी अकरा-बारा महिन्यांपूर्वीपर्यंत स्वतः तटस्थांच्या हक्कांवर खलिते लिहीत होती.

दुसरी चिठ्ठी आली. यावर एकच शब्द आहे, 'चहा'.