जुनी चिनी माती घरात कशी मांडायची: बरणी, बशी आणि जपानी टाइल

नमस्कार मंडळी! आज टेबलावर तीन वस्तू आहेत. लोणच्याची जुनी बरणी, निळ्या नक्षीची बशी आणि लक्ष्मीचं चित्र असलेली टाइल. जुन्या चिनी मातीनं घर सजवायचं म्हटलं की लोक आधी सुताराला बोलावतात आणि काचेचं कपाट करून घेतात. मी म्हणेन, आधी वस्तू उपडी करा. ती काय आहे, कुठे घडली, कशासाठी घडली हे कळलं की ती घरात कुठे शोभेल हे आपोआप सुचतं.

ही बरणी बघा. वर तपकिरी, खाली मलईसारखा रंग. आता तळ दाखवते. कडेला हा गोल पट्टा आहे ना, इथे झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, नाही. मातीचा खरा, भाजका रंग इथे दिसतो. हे स्टोनवेअर. साधारण 1200 अंशांच्या आसपास भाजतात, त्यामुळे माती इतकी घट्ट होते की मीठ, लिंबाचा रस, तेल काहीच सहजी आत मुरत नाही. म्हणून तर वर्षाचं लोणचं घालून, वर दादरा बांधून बरणी निर्धास्त फडताळात ठेवता यायची. पोटावर किंवा तळाला कारखान्याचा शिक्का शोधा. गुजरातेत थान, वांकानेर, मोरबी या पट्ट्यात चिनी मातीचा धंदा रुजवण्यात परशुराम गणपुले या मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. त्यांच्या परशुराम पॉटरीच्या बरण्या देशभर गेल्या. आज मोरबी म्हटलं की आपल्याला फक्त फरश्या आठवतात.

बरणी जड असते, तिला खालीच ठेवा. लहान, मध्यम आणि एक मोठा सट (म्हणजे मोठी बरणीच) असा घोळका जिन्याच्या वळणावर किंवा दाराशी छान दिसतो. एका रांगेत उभ्या केल्या की दुकान वाटतं. सटात छत्र्या ठेवा, स्वयंपाकघरात उलथणी-डाव ठेवा. पण दिवा करायचा म्हणून तळाला भोक पाडू नका, आणि ॲक्रिलिकनं वारली चित्रंही काढू नका. तो तपकिरी रंग, ते ओघळ भट्टीतून आलेत. त्यांच्यावर रंग फासलेला मला बघवत नाही.

एक गोष्ट तपासा. बरणीला तडा असेल आणि तिथून पांढरी पूड सुटत असेल तर ते आत मुरलेलं मीठ आहे. पावसाळ्यात ते ओलावा धरतं, उन्हाळ्यात सुकून पुन्हा खडे धरतं आणि झिलईचे टवके उडवतं. बरणी साध्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, मीठ हळूहळू उतरतं. मग सावलीत पूर्ण वाळू द्या.

आता बशी. विलोची झाडं, पूल, पुलावर तीन माणसं, वर दोन पक्षी. चित्र चिनी वाटतं, पण ही नक्षी अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये तयार झाली. चीनहून येणाऱ्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांची तिथे हौस होती, तिथल्या कारखानदारांनी तशीच नक्षी आपल्याकडे काढली. या चित्राबद्दल दोन प्रेमिकांची जी गोष्ट सांगतात, ती तिला नंतर चिकटवली. कॅमेरा जरा जवळ आणते. काठाची किनार इथे जुळत नाही, दिसलं? तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली नक्षी आधी पातळ कागदावर छापायची, मग तो कागद बशीवर दाबायचा. कागदाची दोन टोकं जिथे भेटली तिथे हा सांधा राहिला. मला अख्ख्या बशीत हीच जागा सगळ्यात आवडते.

मागच्या अक्षरांवरून काळ कळतो. अमेरिकेच्या कायद्यामुळे 1891 पासून तिथे येणाऱ्या परदेशी मालावर तो जिथे बनला त्या देशाचं नाव घालावं लागलं. जपानी भांड्यांवर ‘निप्पॉन’ असेल तर ती साधारण 1891 ते 1921 मधली, त्यानंतर ‘जपान’. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची, 1952 पर्यंतची. अर्थात शिक्के खोटेही मारतात, तेव्हा पायाच्या कडेची झीजही बघा.

बश्या भिंतीवर लावताना आधी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मांडणी जुळवा. झिलईवर बारीक तड्यांची जाळी पडली असेल तर स्प्रिंगचा तारेचा हँगर नको, तो काठ आवळतो. मागे चिकटणारी चकती बरी, पण ओल येणाऱ्या भिंतीवर तीही नको. आणि जुन्या रंगीत बशीत चिंच-लिंबाचं काही वाढू नका, जुन्या झिलईत आणि रंगात शिसं असू शकतं.

आता ही टाइल. खरं तर आजचा व्हिडिओ हिच्यासाठीच करायचा होता. बोट फिरवलं की लक्ष्मीची साडी, कमळाच्या पाकळ्या हाताला लागतात. नक्षी उठावाची आहे, आणि रंगीत झिलई खोलगट भागात साचून गडद झालीय. ही जपानची. आधी आपल्याकडे इंग्लंडच्या टाइल्स यायच्या. पहिल्या महायुद्धात तो पुरवठा अडला आणि जपानी कारखान्यांनी ही बाजारपेठ धरली. अवाजी बेटावरच्या डान्टोसारख्या कंपन्यांनी खास भारतासाठी कृष्ण, सरस्वती, लक्ष्मी घडवल्या. त्यातली बरीच चित्रं राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांवरून घेतलेली. मुंबईतल्या जुन्या इमारती, गुजरातेतल्या हवेल्या, चेट्टिनाडचे वाडे, कोकण-गोव्यातली तुळशीवृंदावनं, सगळीकडे त्या पोहोचल्या. दुसऱ्या महायुद्धानं हा व्यापार थांबला.

सिमेंटमध्ये पुन्हा बसवू नका. एकदा चिकटली की फोडल्याशिवाय निघत नाही. लाकडी चौकट करून घ्या, चारी बाजूंनी ओठ ठेवा, म्हणजे टाइल बाहेर काढता येईल आणि मागचं कारखान्याचं नावही कुणाला वाचता येईल. देवघराच्या बाजूची भिंत, दाराजवळची जागा, जिथे तिरकं ऊन येतं तिथे उठाव खुलतो. ओट्याला लावू नका, शिशाचा प्रश्न इथेही आहे. आणि उभ्या वृंदावनावरून, नांदत्या घरावरून उचकटलेली टाइल कुणी विकत असेल तर घेऊ नका. आपण घेतो म्हणून ती उचकटली जाते. वाडा पाडल्यावर निघालेली असेल तर जरूर घ्या, नाहीतर ती राडारोड्यात जाईल.

शोधायला मुंबईत चोरबाजारातली मटन स्ट्रीट आहे, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे. परदेशातल्या नातेवाइकांसाठी घेत असाल तर जपून: 1972 च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

विकत घेण्याआधी डोळा तयार करायचा असेल तर भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा. 1870 च्या दशकात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरींनी मातीकामाचा विभाग काढला, सिंधमधल्या कुंभारांचं कसब आणि अजिंठ्याची चित्रं एकत्र आणली. त्यातली भांडी तिथे आहेत. राणीच्या बागेला लागूनच आहे, बुधवारी बंद असतं.