शिलाईतली माया

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की 'बरं आहे का' असं कुणी विचारत नाही. 'आयर्विनला पाणी किती?' असं विचारतात. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा आपला पूल. आणि समोरच्याला ते माहीत असतं, फूट-इंचांसकट. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तो आकडा तर कुणी विसरणं शक्यच नाही.

पण दवाखान्यात समोर बसलेल्या माणसाला मी विचारलं, 'रक्तातली उपाशीपोटीची साखर किती?' तर तो म्हणतो, 'मागं एकदा बघितलेली, नॉर्मल होती.' नॉर्मल म्हणजे किती? 'ते कागदावर असेल बघा.' कागद कुठाय? घरी.

तर आज एवढं लक्षात ठेवा. उपाशीपोटी साखर शंभराच्या आत, म्हणजे नदी पात्रात आहे. १०० ते १२५, इशारा पातळी. १२६ आणि त्याच्या वर, धोका पातळी, म्हणजे मधुमेह; पुन्हा एकदा तपासून खात्री करून घ्यायची. परत सांगतो, शंभरला इशारा, एकशे सव्वीसला धोका. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले. भारतात १० कोटींहून जास्त माणसं धोक्याच्या वर, आणि १३ कोटींहून जास्त इशाऱ्यावर. हे इशाऱ्यावरचे लोक निवांत असतात. त्यांना काही होत नसतं. ना तहान, ना थकवा.

आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला. 'डॉक्टर, रात्री एकच भाकरी खाल्ली. सकाळी साखर ११८. आली कुठनं?' मी उलट विचारतो, सांगलीत थेंब पडलेला नसताना पुलाखाली पाणी कुठनं येतं? कोयनेतनं येतं. वर सोडलं की इथं चढतं. आपल्या शरीरातली कोयना म्हणजे यकृत. आपण झोपेत असतानाही मेंदूला साखर लागते, ती यकृत रात्रभर थोडी थोडी सोडत असतं. किती सोडायची, हे इन्सुलिन नावाचं संप्रेरक सांगतं. पण यकृतातच चरबी भरली, की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. दरवाजे उघडे ते उघडेच. म्हणून जेवण रात्री कमी आणि साखर सकाळी जास्त. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाबद्दल मी आज बोलणार नाही. बोलायला लागलो तर सगळी वेळ त्यातच जाईल आणि आकाशवाणीवाले मला परत बोलावणार नाहीत.

आता ही चरबी यकृतात येते कशी? त्यासाठी मला गणपती पेठेजवळच्या एका टेलरमास्तरांची गोष्ट सांगायची आहे. खरं सांगायचं तर ही गोष्ट सांगायला मिळावी म्हणूनच मी आजच्या भाषणाला हो म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीचं लग्न ठरलं. बायको म्हणाली, या खेपेला तरी पॅन्ट शिवून घाला. मी पंधरा वर्षं रेडीमेड घालत होतो. त्यात हल्ली कमरेला आतून इलॅस्टिक असतं. श्रोतेहो, माझं एक ठाम मत आहे, की इलॅस्टिकनं जेवढं नुकसान केलंय तेवढं जिलबीनंही केलं नसेल. पूर्वी पॅन्टचं बटण लागेना झालं की माणसाला निदान कळायचं तरी. आता इलॅस्टिक ताणतं, आणि आपण 'माप तेच आहे' म्हणत फिरतो.

तर मी मास्तरांकडे गेलो. माझ्या लग्नाचा सूट त्यांनीच शिवलेला, १९९१ साली. मास्तर आता सत्तरीच्या पुढं. सव्वा खोलीचं दुकान, दारात पायमशीन, गळ्यात टेप, कानावर खडू. मधे मुलानं मशीनला मोटार बसवून दिली होती, ती त्यांनी काढून टाकली. का, म्हटलं. तर म्हणाले, 'मशीन मोटार चालवणार, मग दिवसभर पायांनी काय करायचं? नुसतं लोंबायचं?'

मी म्हटलं, मास्तर, पॅन्ट शिवायची. कंबर चौतीस धरा.

मास्तर माझ्याकडं बघत राहिले. 'चौतीस पॅन्टची झाली डॉक्टर. कंबर कुठाय तुमची?'

आणि त्यांनी टेप लावली ती थेट बेंबीवर. मी अर्थातच पोट आत ओढलं. सगळेच ओढतात. मास्तर टेप धरून तसेच उभे. अर्धा मिनिट गेला. मग शांतपणे म्हणाले, 'सोडा श्वास. लग्नात जेवायचं पण हाय न्हवं?'

मी श्वास सोडला. सदतीस.

त्यांचा पुतण्या लिहून घेत होता. मास्तर एकेक माप बोलत गेले. लांबी, सीट, मांडी, मोहरी. मांडीला टेप लावली आणि थांबले. परत लावली. म्हणाले, 'जरा ती जुनी वही काढ रे.' मास्तरांकडं सगळ्या गिऱ्हाइकांच्या मापांच्या वह्या आहेत, लाल कापडी पुठ्ठ्याच्या, माळ्यावर रचून ठेवलेल्या. महापुरात दुकानात पाणी शिरलं तेव्हा त्यांनी आधी या वह्या वरच्या मजल्यावर हलवल्या, मशीन नंतर. पुतण्यानं धूळ झटकत १९९१ ची वही काढली. माझं नाव निघालं. कंबर तीस, मांडी बावीस. आणि आजचं माप, कंबर सदतीस, मांडी वीस.

मी म्हटलं, 'मास्तर, माझं वजन तेहेतीस वर्षांत आठच किलो वाढलंय. साठाचा अडुसष्ट झालोय. मी काही जाड नाही.'

मास्तर म्हणाले, 'वजनाचं मला ठावं न्हाई. कापड काय मी किलोवर शिवत न्हाई. पर हितलं कापड काढून तिथं लावलंय तुम्ही.' आणि बोट आधी मांडीवर ठेवलं, मग पोटावर.

श्रोतेहो, पस्तीस वर्षं मी पेशंटना वजनकाट्यावर उभं करतोय. काटा म्हणायचा, बेताचं आहे, मीही म्हणायचो, बेताचं आहे. आणि या माणसानं चार आण्याच्या टेपनं माझं निदान केलं. हितलं काढून तिथं लावलंय. यापेक्षा नेमकं वाक्य मी वैद्यकाच्या पुस्तकात वाचलेलं नाही.

आणि ते खरं आहे, बरं का. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापला होता. त्यात दोन डॉक्टर शेजारी उभे, एक स्वतः याज्ञिक आणि दुसरे लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या मानानं वजन, ज्याला बीएमआय म्हणतात, ते दोघांचं अगदी एकच, २२.३. आणि अंगातली चरबी? लंडनकराची ९.१ टक्के, आपल्या पुणेकराची २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. म्हणजे आपली जातच अशी, हातपाय काडी आणि आत चरबी. म्हणून काट्यावर विसंबू नका, टेप लावा.

पण गोष्ट राहिली. मी विचारलं, मास्तर, कमरेला माया किती ठेवणार? माया म्हणजे शिलाईत आत दुमडून ठेवलेलं जादा कापड.

मास्तर हसले. 'पूर्वी पोरांच्या पॅन्टला माया ठेवायचो. पोरगं वाढतंय, पुढच्या वर्षी उसवून द्यायची. आता पन्नाशीची माणसं म्हणतात, मास्तर, जरा माया ठेवा. म्हंजे वाढायचं ठरवूनच आलेली असतात. तुम्हाला कमरेला माया न्हाई. छत्तीसची शिवतो. लग्नाला दोन महिने हायत.' मग चष्मा पुसत म्हणाले, 'मांडीला मात्र इंचभर ठेवतो. तिथं वाढा.'

कमरेला माया नाही, मांडीला इंचभर माया. मी घरी जाईपर्यंत हेच घोळवत होतो.

आता यातलं शास्त्र थोडक्यात सांगतो, वेळ कमी आहे. जेवल्यावर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायूंमध्ये जातो. स्नायू हे गोदाम. मांड्या आणि पार्श्वभाग हे सगळ्यात मोठं गोदाम. मार्केट यार्डात हळदीची आवक तेवढीच आणि गोदाम मात्र निम्मं पाडलं, तर पोती कुठं जाणार? रस्त्यावर. तसंच इथं होतं. मांडी वाळली की उरलेल्या साखरेची यकृत चरबी करतं. थोडी स्वतःकडं ठेवतं, थोडी रक्तात सोडतं, बाकीची पोटावर. चयापचय चयापचय म्हणतात तो हा जमाखर्च.

टेप कुठं लावायची ते नीट ऐका. शेवटची बरगडी आणि कुल्ल्याचं वरचं हाड, यांच्या बरोबर मधे. टेप आडवी, सैल नाही, आवळलेली नाही. श्वास सोडून. पोट आत न ओढता. पुरुषांना ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच. बायकांना ८० सेंटिमीटर, साडेएकतीस इंच. त्याच्या वर गेलं की इशारा. पुन्हा सांगतो, पुरुष नव्वद, बायका ऐंशी. सोबत आणखी चार गोष्टी बघायच्या. रक्तदाब १३० वर ८५ च्या पुढं, उपाशीपोटीची साखर शंभराच्या पुढं, ट्रायग्लिसराइड नावाची रक्तातली चरबी दीडशेच्या पुढं, आणि एचडीएल नावाचं चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषांत चाळीसच्या किंवा बायकांत पन्नासच्या खाली. कमरेसकट या पाचांतले तीन जुळले, तर डॉक्टरकडं जायला दिवाळीची वाट बघू नका.

मी काय केलं? पहिली शतपावली. नावावर जाऊ नका, शंभर पावलं मिनिटात संपतात. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं, रमतगमत. पाय हलत असले की स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. हे जेवल्यानंतरच करायचं, पहाटेच्या फिरण्यात ते भरून निघत नाही. आता तुम्ही म्हणाल, चालायचं कुठं? बरोबर आहे. फूटपाथवर गाड्या, गाड्यांवर मांजरं. मी गच्चीवर चालतो.

दुसरं, बैठका. या जिल्ह्यात तालमी गावोगाव, आणि पन्नाशीच्या माणसाला जमिनीवरून हात न टेकता उठता येत नाही, हे काही शोभत नाही. खुर्ची धरून दहा, सकाळ-संध्याकाळ. गुडघा दुखत असेल तर नुसतं खुर्चीतून उठा-बसा.

तिसरं, पानातला क्रम. आधी कोशिंबीर, मग उसळ, मग भाकरी, भात शेवटी आणि कमी. शाळूची भाकरी चांगलीच, पण चार भाकऱ्या म्हणजे चार भाकऱ्या, ते काही औषध नव्हे. आणि हे 'गुळाचा चहा' नावाचं जे फॅड चौकाचौकात निघालंय त्याबद्दल. गूळ हा साखरेचाच थोरला भाऊ आहे. आपण उसाच्या जिल्ह्यातली माणसं, आपल्याला हे कुणी सांगायला नको. दिवसाला सहा गुळाचे चहा पिऊन मला रिपोर्ट दाखवायला येतात.

झोप सात-आठ तास हवी, अपुऱ्या झोपेनं इन्सुलिनचा धाक कमी होतो. बाकी झोपेवर वेगळं भाषण देईन. एक मात्र महत्त्वाचं, ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी माझं ऐकून जेवण बुडवू नये, आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

पॅन्ट मिळाली लग्नाच्या आदल्या रात्री साडेदहाला. मोटार काढून टाकल्याचा हा एक तोटा. बटण लागलं, पण दुसरी जिलबी घेताना ते माझ्याकडं बघत होतं.

गेल्या महिन्यात मी परत मास्तरांकडं गेलो. कंबर पावणेछत्तीस, मांडी पावणेएकवीस. मांडीची माया थोडी उसवली. मास्तरांनी वहीत मांडीचं माप पेनानं लिहिलं, आणि कमरेचं पेन्सिलनं.

मी म्हटलं, पेन्सिलनं का?

'दिवाळीचा फराळ होऊ द्या,' म्हणाले. 'मग बघू.'

नमस्कार.