गोल झाल्यावरची उडी

(दृश्य : मिरज, संध्याकाळ. धुळीत खेळणारी पोरं.)

मिरजेत संध्याकाळी मैदानावर धूळ उठायला लागली की समजायचं, शाळा सुटली. दप्तरं गोलच्या मागं पडतात. ज्यांच्याकडं बूट आहेत ते बूट घालतात, बाकीचे अनवाणी. चेंडू दिसेनासा होईपर्यंत खेळ चालतो. सांगली जिल्हा म्हटलं की लोकांना हळद, द्राक्षं आणि कुस्ती आठवते. पण कोल्हापूरचं फुटबॉलचं वारं इथंही पोचलेलं आहे.

हा पोरगा बघा. गोल मारला, हात पसरून कोपऱ्याकडं धावला आणि हवेत कोलांटी घेतली. उतरला नीट. दोस्तांनी येऊन मिठ्या मारल्या. कॅमेऱ्यामागं आमच्या मात्र पोटात गोळा आला होता. हा लघुपट करायचं ठरलं तेच मुळात अशा एका उडीमुळं.

(दृश्य : मिझोरामची राजधानी ऐझॉलचे डोंगर, उतारावरची घरं.)

पीटर बियाकसांगझुआला. वय २३. मिझोरामच्या बेथलेहेम वेंगथ्लांग या संघात मधल्या फळीत खेळायचा.

२०११ च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरामची लोकसंख्या ११ लाखांच्या आसपास होती. आपल्या एकट्या सांगली जिल्ह्याची २८ लाखांवर. एवढ्याशा राज्यानं मार्च २०१४ मध्ये अंतिम सामन्यात रेल्वेच्या संघाला ३-० असं हरवून संतोष करंडक, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा, जिंकला. भारताकडून खेळलेला आघाडीपटू जेजे लालपेखलुआ तिथलाच. पुढं २०१७ मध्ये ऐझॉल एफसी या क्लबनं आय-लीग ही देशपातळीवरची क्लब स्पर्धा जिंकून भल्याभल्यांना गप्प केलं. २०१२ पासून राज्याची स्वतःची मिझोराम प्रीमियर लीग चालू होती आणि पीटर त्याच लीगमध्ये खेळत होता. डोंगरातल्या तेवीस वर्षांच्या पोरानं फुटबॉलवर पोट भरायचं स्वप्न बघावं, असे ते दिवस होते.

२०१४ मध्येच ब्राझीलमध्ये विश्वचषक झाला. २१ जूनला जर्मनी विरुद्ध घाना. जर्मनीचा ३६ वर्षांचा मिरोस्लाव क्लोजे बदली खेळाडू म्हणून आला आणि दोनच मिनिटांत त्यानं गोल केला. विश्वचषकातला त्याचा पंधरावा. त्या आनंदात त्यानं आपली ठरलेली कोलांटी मारली, पण पाय नीट टेकले नाहीत आणि तो आपटला. उठला, खेळायला लागला. साऱ्या जगानं ते पाहिलं.

(दृश्य : रिकामं मैदान. वाऱ्याचा आवाज.)

१४ ऑक्टोबर २०१४. समोर चानमारी वेस्टचा संघ. बेथलेहेम एका गोलनं मागं. ६२ व्या मिनिटाला पीटरनं बरोबरी साधली. धावला. कोलांटी घेतली. उतरताना चुकला आणि सगळं अंग मानेवर आलं.

मज्जारज्जूला जबर इजा झाली होती. पाच दिवस दवाखान्यात काढून १९ ऑक्टोबरला तो गेला.

ही बातमी जगभर गेली, ती बऱ्याच ठिकाणी नवलाची गोष्ट म्हणून. गोलच्या आनंदात मेलेला खेळाडू. लोकांनी वाचली आणि पान उलटलं. मला ते फार लागलं. त्या पोरानं काही आगळीक केली नव्हती. त्यानं बरोबरी साधली होती, आणि तेवीस वर्षांच्या अंगात तो आनंद मावत नव्हता.

(दृश्य : तालीम. लाल माती. पहाटे मेहनत करणारे पैलवान.)

आता जरा आपल्या तालमीत चला. कवठेपिरानचे मारुती माने याच जिल्ह्याचे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण आणि रौप्य अशी दोन पदकं आणली, १९६४ मध्ये हिंदकेसरी झाले. या मातीत नवा पोरगा आला की त्याला डावाआधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीला लाव. खांदा आधी टाक. मान वाचव. डोकं मातीत टेकवून मानेवर अंग तोलायची मेहनत महिनोन् महिने करून घेतात. आखाड्यातली माती रोज उकरतात, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती लोण्यासारखी ठेवतात. एवढं सगळं कशासाठी? तर पैलवान दिवसातून शंभरदा पडणार, हे तालमीनं धरलेलंच असतं.

फुटबॉलच्या मैदानावर हे कुणी शिकवत नाही. पास शिकवतात, हेडर शिकवतात. उडी मात्र पोरं मोबाईलवर बघून शिकतात, आणि जमीन असते दगडासारखी.

मानेत सात मणके असतात. त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो, जाडीला साधारण करंगळीएवढा. त्यातल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरून निघणाऱ्या नसा श्वासपटल, म्हणजे फुफ्फुसांखालचा श्वास ओढणारा पडदा, हलवतात. तिथं इजा झाली तर हात-पाय जातातच, श्वासही अडतो.

आणि आपल्याकडं खेळाडू पडला की काय होतं? चौघं धावत येतात. कुणी बगलेत हात घालतो, कुणी पाय धरतो, उचलून कडेला नेतात, तोंडावर पाणी मारतात. मायेनंच करतात. पण मान दुखावली असेल तर त्या उचलण्यातच उरलंसुरलं जाऊ शकतं. त्याला हलवायचं नसतं. एकानं डोक्याशी गुडघे टेकून बसायचं आणि दोन्ही हातांनी डोकं आहे तसं स्थिर धरायचं. उठवून बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही. दुसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा. श्वासच थांबला असेल, तर मात्र वाट न बघता छाती दाबायला सुरुवात करायची.

विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं. तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून गाड्या भरून लोक इथं उपचाराला येतात. या गावच्या मैदानाच्या कडेला एक सपाट फळी आणि डोकं धरायला शिकलेला एक माणूस असलाच पाहिजे. नसेल तर तो आपल्या सगळ्यांचा हलगर्जीपणा आहे, आणि हे मी जबाबदारीनं म्हणतो.

(दृश्य : पुन्हा मिरजेचं मैदान. मघाचा पोरगा बाटलीनं पाणी पितोय.)

मघाच्या पोराला आम्ही खेळ संपल्यावर पीटरचं नाव सांगितलं. त्यानं ते कधी ऐकलं नव्हतं. गोल कसला होता, असं त्यानं पहिल्यांदा विचारलं. बरोबरीचा, म्हटलं. मग बराच वेळ तो बूट काढत बसला.

पीटर गेल्यावर त्याचे डोळे दान केले गेले. एका माणसाच्या डोळ्यांनी दोघांना दिसू शकतं. कुणाचे डोळे कुणाला बसवले, हे नेत्रपेढी कुणालाच सांगत नाही.