ताप: एक शब्द, तव्यापासून डोक्यापर्यंत

(हातात दुधाचा ग्लास)

रामराम मंडळी! कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभा आहे. आत्ता समोर म्हैस पिळली आणि फेसासकट ग्लास हातात आला. बोटांना चांगलं गरम लागतंय. पण या दुधाला कट्ट्यावर कोणी ‘तापलेलं’ म्हणणार नाही. हे धारोष्ण, धारेचीच ऊब असलेलं. हेच घरी नेऊन गॅसवर चढवलं की मग ते तापतं.

इथंच ‘ताप’ शब्दाची गंमत आहे. ताप लागतो, चढतो, आणि ज्याला लागतो त्याला तो सोसावा लागतो. मूळ संस्कृत धातू तप्. तप, तपश्चर्या, संताप, पश्चात्ताप ही सगळी एकाच घरातली भावंडं.

अंगातला तापच बघा. आई कपाळाला उलटा हात लावते आणि म्हणते, “अंग तापलंय गं पोराचं.” थर्मामीटर नंतर निघतो. तो 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला की डॉक्टरही तापच म्हणतात. आणि मलेरियाला आपला शब्द कुठला? हिवताप! आधी हुडहुडी भरते, दोन-दोन गोधड्या पुरत नाहीत, मग अंग भाजायला लागतं. हिव आणि ताप. चार अक्षरांत अख्खा आजार सांगितलाय. मला हा शब्द फार आवडतो.

शाळेतली मुलं ऐकत असतील तर एक सांगतो. उष्णता आणि तापमान एक नव्हे. घरातल्या भांड्यातलं उकळतं पाणी आणि गुऱ्हाळावरच्या काहिलीतलं, म्हणजे भल्यामोठ्या कढईतलं उकळतं पाणी, तापमान दोन्हीकडं सारखंच. पण काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं किती घालावी लागतात, ते जाळ घालणाऱ्या जळव्याला विचारा. ती उष्णता.

बाकी ऊन तापतं, तवा तापतो, निवडणुकीत गाव तापतं. आणि “लई ताप हाय गा डोक्याला” हे तर आपल्याकडं रोजचंच.

आईच्या कुशीत मात्र ऊब मिळते. तिथं ताप शब्द चालतच नाही.

म्हणूनच पसायदानातली ओळ मला दरवेळी थांबवते: ‘मार्तंड जे तापहीन’. सज्जन कसे, तर ताप नसलेले सूर्य. ज्ञानेश्वरांनी सूर्याचा उजेड तसाच ठेवला, काढून घेतला तो फक्त ताप.

(ग्लास तोंडाला लावतो)