सदतिसावा अक्षांश, पणजीहून

(दृश्य: पणजी, आझाद मैदानालगतची इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाची इमारत. प्रवेशदालन. कॅमेरा भिंतीवरच्या निळ्या-पांढऱ्या चौकटींवरून सरकतो.)

या भिंतींवर एक महाकाव्य चितारलेलं आहे. जोर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराने १९३५ साली रंगवलेल्या या फरश्या. गोव्यात त्यांना आझुलेजु म्हणतात. चित्रं आहेत कामोंइशच्या 'लुझियाद'मधली, म्हणजे वास्को द गामाच्या सफरीची. कवी स्वतः १५५३ साली गोव्यात येऊन राहिलेला. त्याचा पुतळा आज जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

या दालनातून दिवसभर लोक ये-जा करतात, कामाची घाई असते, मान वर करून बघणारे थोडेच. आम्ही इथे थांबलो ते एका फजितीमुळे, आणि ही फजिती ज्यूल व्हर्नच्या 'कप्तान ग्रँटची मुलं' या कादंबरीतली आहे. पॅरिसच्या भूगोल परिषदेचा सचिव, झाक पागानेल, जहाजावर बसून स्पॅनिश शिकतो. दिवसरात्र एकच काव्य घोकतो. दक्षिण अमेरिकेत उतरल्यावर तिथला वाटाड्या भेटतो, त्याला स्पॅनिश उत्तम येतं, आणि पागानेलचं एक अक्षर त्याला कळत नाही. शेवटी पुस्तक बाहेर निघतं. ते असतं 'लुझियाद'. गृहस्थ आठवडेच्या आठवडे पोर्तुगीज शिकत होते!

१९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत गेलेल्या आपल्या आजी-आजोबांना हा प्रसंग वाचून दाखवा. ते आपल्या आधी हसतील.

(दृश्य: मांडवीचं पात्र. बेतीची फेरीबोट. पलीकडे मालीमची जेटी, नांगरलेले ट्रॉलर.)

१८६५ पासून ही कादंबरी फ्रान्समधल्या मुलांच्या एका मासिकात क्रमशः येत होती, १८६७-६८ मध्ये पुस्तकरूपाने आली. मराठी मुलांना व्हर्न माहीत झाला तो मुख्यतः भा. रा. भागवतांमुळे. गोव्यातल्या मराठी घरांतही चंद्रावरची नाहीतर पाताळातली सफर याच वाटेने पोचली. ग्रँटची मुलं मात्र त्या मानाने मागे राहिली. जाडजूड तीन भाग, शिवाय यात अजब यंत्र नाही, पाणबुडी नाही. एक हरवलेला बाप आहे आणि त्याला शोधणारी माणसं.

सुरुवात माशाच्या पोटातून होते. २६ जुलै १८६४. (आपल्याकडे हे मासेमारी बंदीचे दिवस, पण स्कॉटलंडच्या समुद्रात कोण विचारतो.) 'डंकन' नावाच्या नव्या कोऱ्या जहाजाच्या गळाला मोरी, म्हणजे शार्क मासा, लागते, हातोड्यासारख्या डोक्याची. मालीमच्या जेटीवर मोरी कापताना पाहिलेल्या माणसाला पुढचं समजावून सांगायला नको. पोट फाडतात, आत हात घालतात. आपल्याकडे त्यापुढे आंबट-तिखाची तयारी. तिथे निघते एक बाटली.

बाटलीत तीन कागद. एकच मजकूर इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंचमध्ये. पाणी आत शिरलेलं, प्रत्येक कागदावर जेमतेम काही शब्द शाबूत. तिन्ही शेजारी ठेवून जुळवाजुळव केल्यावर कळतं ते इतकंच: जून १८६२ मध्ये 'ब्रिटानिया' जहाज बुडालं, कप्तान ग्रँट आणि दोन खलाशी जिवंत आहेत, आणि ठिकाण ३७ अंश ११ मिनिटं दक्षिण अक्षांशावर आहे. रेखांश? तो खाऱ्या पाण्याने पुसून टाकलेला.

(दृश्य: पृथ्वीचा गोल फिरतोय. एक लाल रेषा उमटत जाते.)

रेखांश नसणं म्हणजे काय, ते पणजीवरून पाहू. पणजीचा अक्षांश साधारण साडेपंधरा अंश उत्तर. नुसतं एवढंच हातात घेऊन कुणी पणजी शोधायला निघालं, तर सुदानचं खार्टूम याच रेषेवर आहे, फिलिपाइन्सचं लुझॉन बेटही याच रेषेवर. ज्याला पणजी हवी त्याने पृथ्वीप्रदक्षिणाच घालायची.

ही माणसं तेच करतात.

जहाजाचा मालक लॉर्ड ग्लेनार्वन लंडनला जातो, नौदलाच्या कचेरीत अर्ज करतो. नकार मिळतो. कागद अर्धवट, खर्च मोठा, दोन वर्षं उलटून गेलेली. इकडे त्याच्या घरी कप्तानाची दोन मुलं येऊन बसलेली आहेत. मेरी सोळा वर्षांची, रॉबर्ट बारा. आई नाही. बापाबद्दल वर्तमानपत्रात काहीतरी छापून आलंय, एवढ्यावर ती धावत आली आहेत. ग्लेनार्वनचं नुकतंच लग्न झालंय. हे जहाज त्याने बायकोला सफरीला न्यायला बांधून घेतलेलं. आणि ती, लेडी हेलेना, स्वतःच म्हणते की सरकार जात नसेल तर आपण जाऊ.

ज्याचं त्यांना काही देणं लागत नव्हतं, अशा माणसासाठी हे घर जहाजात बसतं. व्हर्न इथे फार वेळ घालवत नाही. भाषण नाही, शपथा नाहीत. कोळसा भरतात आणि निघतात.

(दृश्य: आग्वादचा जुना दीपस्तंभ. खाली उसळणारा समुद्र.)

आग्वादचा हा दीपस्तंभही १८६४ चा. योगायोग आहे, त्याहून जास्त काही नाही. पण गंमत अशी की पागानेलला यायचं होतं हिंदुस्थानातच. कलकत्त्याचं जहाज समजून तो रात्री 'डंकन'वर चढला, झोपला, आणि छत्तीस तासांनी उठला तेव्हा जहाज चिलीच्या वाटेला लागलं होतं.

चिलीत उतरून मंडळी आन्दीज पर्वत ओलांडतात. भूकंप होतो, ते उभे असलेलं पठारच्या पठार घसरत खाली येतं. रॉबर्ट सापडत नाही. मग आकाशात एक काँडोर दिसतो आणि त्याच्या नख्यांत तो पोरगा. खालून एक गोळी सुटते, पक्षी पडतो. गोळी झाडणारा थालकाव्ह, पातागोनियाचा मूळ रहिवासी. पागानेलच्या 'स्पॅनिश'पुढे हात टेकणारा वाटाड्या तो हाच.

पुढे पांपाच्या गवताळ मैदानात पाणी मिळेना. ग्लेनार्वन, थालकाव्ह आणि रॉबर्ट पाण्याच्या शोधात पुढे निघतात, नदी सापडते, रात्र काढायला लाकडी खुंटांचा एक पडका गोठा मिळतो. आणि अंधारात लाल लांडगे येतात. एकदोन नव्हेत, शेकड्यांनी.

दाराशी गवत पेटवून ठेवतात. गोळ्या मोजून झाडतात. गवत संपत येतं, गोळ्याही. लांडगे आता पुढून यायचं सोडून मागच्या बाजूला गेलेत, कुजके खुंट ओरबाडताहेत. आतून ते पंजे ऐकू येतात. थालकाव्ह आपल्या घोड्याला, थाऊकाला, खोगीर चढवायला घेतो. घोडा बाहेर उधळला की सगळा कळप त्याच्या मागे लागणार, आतले वाचणार. स्वाराचं मात्र खरं नाही.

ग्लेनार्वन म्हणतो, मी जातो. थालकाव्ह म्हणतो, घोडा माझा, मी जातो. दोन मोठी माणसं मरायला कुणी जायचं यावर हुज्जत घालत उभी आहेत. तेवढ्यात थाऊका पुढचे पाय उचलतो, आगीवरून उडी घेतो. त्याच्या मानेच्या केसांना धरून लटकलेला आहे रॉबर्ट. लांडग्यांचा लोंढा त्याच्या मागे वळतो आणि गोठ्याभोवती शांतता पसरते.

सकाळी तो सापडतो, मागे राहिलेल्या मंडळींसोबत, धडधाकट. ग्लेनार्वन त्याला जवळ घेतो, विचारतो, असं का केलंस? पोराचं उत्तर साधारण असं: थालकाव्हने एकदा माझा जीव वाचवलाय, आणि तुम्ही माझ्या बाबांना वाचवणार आहात, मग माझीच पाळी नव्हती का?

या उत्तरात त्याग वगैरे शब्द नाहीत. हिशेब आहे, बारा वर्षांच्या मुलाचा सरळ हिशेब. मुलांच्या गोष्टींत शूर पोरं पुष्कळ असतात, पण धाडसाचं कारण इतकं साधं सांगणारं पोर क्वचितच सापडतं. निरोप घेताना थालकाव्हला पैसे देऊ करतात तेव्हा तोही घेत नाही.

(दृश्य: दिवाडी बेट. नदीकाठचा जहाजबांधणीचा कारखाना. मग संग्रहातली चित्रफीत: पांढऱ्या शिडांची 'तारिणी'.)

आणि कप्तान ग्रँट? दक्षिण अमेरिकेत नाही. कागद पुन्हा वाचला जातो, उरलेल्या अक्षरांतून आता ऑस्ट्रेलिया निघतो. तिथेही नाही. मग न्यूझीलंड. प्रत्येक वेळी पागानेल नवा अर्थ लावतो, प्रत्येक वेळी तो अगदी पटतो, आणि प्रत्येक वेळी चुकीचा निघतो.

दिवाडीत बांधलेल्या 'तारिणी'वरून भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७ च्या सप्टेंबरात गोव्यातून निघाल्या आणि २५४ दिवसांनी, मे २०१८ मध्ये, गोव्यातच परतल्या. त्यांचे थांबे होते ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, फॉकलंड बेटांवर स्टॅनली, मग केपटाउन. त्या समुद्रातल्या लाटा आणि थंडी काय चीज आहे, ते त्यांना विचारावं. पण त्यांना कुठे जायचंय ते ठाऊक होतं. 'डंकन'वरच्या लोकांची चिकाटी वेगळ्या जातीची. अर्धं जग पायाखाली घालून झाल्यावर, आपण सुरुवातीपासून चुकीचं वाचत होतो हे कबूल करायचं आणि तोच कागद पुन्हा उलगडायचा.

ऑस्ट्रेलियाच्या भागात एक प्रसंग आहे, तो गोव्यात बसून वाचताना जरा जास्तच बोचतो. तोलिने नावाचा तिथला आदिवासी मुलगा भेटतो. इंग्रजांच्या शाळेत भूगोलात पहिला आलेला. पागानेल त्याची परीक्षा घेतो. पोरगा खात्रीने सांगतो की जग इंग्रजांचं आहे, युरोपसुद्धा. स्पेनची राजधानी? जिब्राल्टर. व्हर्नने इथे साहेबाची छान टर उडवली आहे. पण हाच व्हर्न पुढे न्यूझीलंडला पोचला की माओरींना नरभक्षक म्हणून उभं करतो आणि त्यांच्याकडे त्याच गोऱ्या नजरेने पाहतो. मुलांना वाचून दाखवताना हे भाग गाळू नयेत, थांबून बोलावं.

(दृश्य: काळोखा समुद्र. जहाजाच्या कठड्याशी दोन आकृत्या, रेखाचित्रात.)

आता मुख्य गोष्ट. कादंबरीत एक दगाबाज आहे, आयर्टन. एकेकाळी 'ब्रिटानिया'वरच खलाशांचा नाईक होता. बंड करायला निघाला म्हणून कप्तान ग्रँटने त्याला ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर उतरवलं. पुढे तो पळालेल्या कैद्यांचा म्होरक्या झाला. या मंडळींचा वाटाड्या बनून त्यांना रानात घालवतो, 'डंकन' पळवायचा डाव रचतो. डाव फसतो तो पागानेलच्या धांदरटपणामुळे. पत्र लिहिताना तो ऑस्ट्रेलियाऐवजी न्यूझीलंड लिहून बसतो आणि जहाज भलत्याच किनाऱ्यावर जाऊन थांबतं.

आयर्टन पकडला जातो. तो सौदा करतो: मला ठाऊक आहे ते सगळं सांगतो, पण इंग्रज सरकारच्या हवाली करू नका, एखाद्या निर्जन बेटावर सोडा. ग्लेनार्वन कबूल होतो. आयर्टन सांगतो, आणि त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. कप्तान कुठे आहे ते त्यालाही माहीत नसतं.

इथे दुसरा कुणी म्हणाला असता, माहिती निरुपयोगी, सौदा रद्द. ग्लेनार्वन तसं म्हणत नाही. शोध तर संपलाच आहे, सगळे हरून घरी निघालेत. फक्त दिलेला शब्द पाळायचा म्हणून वाटेतलं एक ओसाड बेट निवडतात. नकाशावर त्याचं नाव मारिया तेरेसा.

त्या रात्री मेरी आणि रॉबर्ट डेकवर उभे आहेत. रॉबर्ट बहिणीला सांगतो की मी खलाशी होणार, बाबांना शोधत राहणार. तेवढ्यात समुद्रावरून हाक येते, मदतीची. दोघांनाही ऐकू येते आणि दोघांनाही आवाज ओळखीचा वाटतो. बाकीचे म्हणतात भास झाला, पोरं थकली आहेत. उजाडल्यावर किनाऱ्यावर तीन माणसं हात हलवताना दिसतात. त्यांतला एक कप्तान ग्रँट.

पागानेल डोकं धरून बसतो. या बेटाचं दुसरं नाव ताबोर, आणि त्या नावातली अर्धी अक्षरं पहिल्या दिवसापासून कागदावर होती. सगळी विद्वत्ता, सगळी पायपीट त्यांना इथे आणू शकली नाही. आणलं ते एका बदमाशाला दिलेल्या शब्दाने. नुसत्या चिकाटीचे गोडवे गाणाऱ्यांनी ही कादंबरी पुन्हा एकदा वाचावी, असं आमचं मत.

जाता जाता: हे बेट खऱ्या जगात नाही. १८४३ साली देवमाशांची शिकार करणाऱ्या एका जहाजाने त्या भागात खडक पाहिल्याची नोंद केली, नकाशांवर तो चढला, आणि पुढे शोधायला गेलेल्यांना तिथे नुसतं पाणी मिळालं.

(दृश्य: मुलांच्या वाचनकोपऱ्यातलं कपाट. एक हात पुस्तक काढतो.)

आयर्टनला त्याच बेटावर उतरवतात. बंदूक, अवजारं, अन्न, पुस्तकं देतात. ग्लेनार्वन त्याला सांगतो की तू कुठे आहेस हे आम्हाला माहीत आहे, विसरणार नाही. उरलेली कथा व्हर्नने काही वर्षांनी 'गूढ बेट' या कादंबरीत सांगितली. एकटेपणाने आयर्टन माणसातून उठतो, रानटी होतो, मग दुसरी माणसं त्याला परत आणतात, आणि पश्चात्तापाने तो अक्षरशः नवा होतो. त्या कादंबरीच्या शेवटी 'डंकन' पुन्हा येतं, बारा वर्षांनी, आयर्टनला न्यायला. जहाजाचा कप्तान असतो रॉबर्ट ग्रँट.

तेव्हा वाचायचंच असेल तर 'कप्तान ग्रँटची मुलं' आधी आणि 'गूढ बेट' नंतर. उलटं केलं तर आयर्टन कोण ते आधीच कळतं आणि ऑस्ट्रेलियाचा भाग फुकट जातो. आम्ही आत्ता ते फोडलंच आहे म्हणा, पण घरातल्या पोरांना सांगू नका.