वसईचा गोठा

[पाचूबंदर, पहाट. होड्यांची रांग]

डिसेंबर लागला आणि पाचूबंदरच्या होड्यांवर कागदी चांदण्या चढल्या. नाळेवरचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरचा, क्रूस बारमाही, चांदणी नाताळापुरती. नाताळ म्हटलं की कॅमेरा चांदणीकडे वळतो, आमचाही वळला. पण क्रूस चौकटीबाहेर ठेवून हा सण कळत नाही.

[चर्चचं आवार, रात्र. गोठ्याचं काम]

दिवसभर नोकरी, कॉलेज. रात्री जेवणं उरकून पोरं इथे जमतात, गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, उभा करायला.

आधी बांबूचा सांगाडा, सुंभाच्या गाठी. त्यावर जुनी गोणपाटं आणि गोणपाटांवर कालवलेल्या सिमेंटचा पातळ हात. सुकलं की डोंगर उभा. ओलं असतानाच मूठ मूठ भाताचं तूस उडवायचं, म्हणजे खडक खरखरीत दिसतो. शेवाळ विहिरीच्या काठावरचं. नाचणी आधीच ताटल्यांत पेरून ठेवलेली. कोंब बोटभर झाले की ताटल्या मांडायच्या, ही बेथलेहेमची, येशूच्या जन्मगावाची शेतं. मागून पंप, नळी, झरा. बेथलेहेमात झरा होता का, याबद्दल शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, काही बोलत नाही. वसईत मात्र झऱ्याशिवाय गोठा पुरा होत नाही.

[क्लोज-अप: गव्हाणी, नुसता पेंढा]

मेंढपाळ आले, बैल आला, गाढव आलं, मरिया आणि योसेफ आले. गव्हाणी रिकामी. बाळाची मूर्ती २४ तारखेच्या रात्रीपर्यंत कपाटात. तोवर आगमनकाळ, नाताळाच्या तयारीचे दिवस. चार रविवार, चार मेणबत्त्या आणि फादरांच्या अंगावर जांभळा झगा, ईस्टरआधीच्या उपवासकाळात असतो त्याच रंगाचा. मॉलमधला नाताळ एव्हाना अर्धा संपलेला असतो.

[चर्चच्या आत]

गोठ्याची प्रथा रुजली ती असिसीच्या संत फ्रान्सिसमुळे. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी त्यांनी पेंढा भरलेली गव्हाणी मांडली, खराखुरा बैल आणि गाढव आणून उभं केलं, आणि तिथेच मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, झाली.

खुद्द जन्माची गोष्ट मात्र चारपैकी दोनच शुभवर्तमानांत आहे, मत्तय आणि लूक. मार्कचं शुभवर्तमान सर्वांत जुनं मानतात. ते सुरू होतं यार्देन नदीवर, तेव्हा येशू चांगला मोठा झालेला. योहानाकडे गोठा नाही, मेंढपाळ नाहीत. तो एवढंच म्हणतो, शब्द देही झाला.

पहिल्या ख्रिस्ती लोकांचा मोठा सण होता पुनरुत्थानाचा, येशू कबरीतून उठला त्याचा, म्हणजे ईस्टर. तो कधी पाळायचा यावर दुसऱ्या शतकातच वाद झाले होते. २५ डिसेंबरच्या नाताळाची सर्वांत जुनी नोंद रोमची, ३३६ सालची. आधी ईस्टर, नाताळ मागाहून. कबरीतून उठला तो होता कोण, हे विचारत विचारत लोक गव्हाणीपर्यंत पोचले.

[वेदी: खाली गोठा, वर क्रूस. शॉट लांबवावा]

खाली गोठा, वर क्रूसावरचा येशू. बाळाबद्दल लूक लिहितो, बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. क्रूसावरून उतरवलेल्या देहाबद्दलही तोच लिहितो, तागाच्या वस्त्रात गुंडाळून कबरीत ठेवलं. पूर्वेकडच्या चर्चच्या जुन्या चित्रांत तर गव्हाणी दगडी शवपेटीसारखीच काढलेली दिसते. देवाने माणसाचं शरीर घेतलं, भूक लागणारं, जखम होणारं, मरणारं, ही ख्रिस्ती श्रद्धा. ते शरीर नसतं तर क्रूस कुणाला दिला असता, आणि उठलं असतं कोण?

[मध्यरात्रीची मिस्सा. घंटा]

आगमनकाळाच्या रविवारी बंद असलेलं ‘देवाला गौरव’ हे स्तुतिगीत आता सगळं चर्च गातंय.

[ख्रिस्तप्रसादाची रांग]

बाहेर गोठ्यापुढे सेल्फीची गर्दी आहे, असू दे. या रात्रीचं मुख्य काम इथे वेदीवर चाललंय. मिस्सा नाताळची असली तरी भाकरीवर म्हटले जाणारे ‘हे माझं शरीर’ हे शब्द येशूच्या शेवटच्या जेवणातले, मरणाच्या आदल्या रात्रीचे.

[स्वयंपाकघर: कंगव्यावर कुलकुल वळणारे हात]

डब्यात कुलकुल, नाताळचा गोड फराळ, अजून शिल्लक असतात आणि २६ तारखेला फादर लाल झग्यात येतात. दगडमारात मेलेल्या स्तेफनाचा, पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याचा तो सण; लाल हा हुतात्म्यांचा रंग. २८ तारीख बाळ येशूला संपवायला निघालेल्या हेरोद राजाने मारलेल्या बाळांची.

[वसईचा किल्ला]

किल्ल्यातलं हे चर्च संत गोन्सालो गार्सियांच्या नावाचं. जन्म वसईतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधल्या नागासाकीला त्यांना क्रूसावर मारलं. १८६२ मध्ये संतपद मिळालं. वसईच्या पोरांना क्रूसाची गोष्ट परक्या मुलखातली वाटत नाही, ती यामुळेही.

[पुन्हा आवार, जानेवारी]

यंदा गोठ्याचा पेंढा वाडा तालुक्यातून आणला, इथली भातशेती इमारतींखाली गेली. आगमनकाळात साठवलेले पैसे गरजू घरांत पोचले. प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण झाला की गोठा उतरेल, बांबू चर्चच्या मागे जातील, पेंढा म्हशींना. पोरांना सध्या एकच काळजी, गोठा स्पर्धेचा निकाल अजून लागलेला नाही.